कवडीसारखी, पण कवडी नव्हे

मुखेडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही कवडी आमच्या भागाला परकी नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ सर्वांच्या परिचयाची आहे, आणि शेतमालाचा भाव कोसळला की ‘कवडीमोल’ हा शब्द आपसूक ओठांवर येतो. एके काळी कवडी हे प्रत्यक्ष चलन होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’च्या प्रारंभीच त्याचे कोष्टक आहे : २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. एका द्रम्माला १२८० कवड्या!

कवडी हे एका सागरी गोगलगाईचे कवच होय. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये कवड्यांची ‘सिप्रिया’ ही प्रजाती मांडली आणि चलनातल्या कवडीला ‘मोनेटा’, म्हणजे नाणे, असे नाव दिले. त्याच प्रजातीत त्यांनी पाठीवर आडव्या रेघा असलेली एक चिमुकली कवडीही बसविली. पुढे १७७८ मध्ये इंग्लंडच्या दा कोस्टा यांनी तेथील किनाऱ्यावरील अशाच एका रेघाळ कवचाला ‘मोनाका’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धर्मभगिनी.

या रेघाळ कवचांना १८३७ मध्ये ‘ट्रिव्हिया’ हे वेगळे प्रजातिनाम लाभले. ट्रिव्हिया हे, तीन वाटा मिळतात त्या स्थळाशी निगडित असलेल्या, रोमन देवता डायानाचे बिरूद. १८६३ मध्ये जर्मन अभ्यासक ट्रोशेल यांनी त्यांचे स्वतंत्र कुलच मांडले. चलनी कवडीचे आजचे ‘मोनेटारिया’ हे प्रजातिनामही त्यांनी त्याच वर्षी दिले.

हा भेद केवळ रेघांचा नाही. चलनी कवडी खडकांवरील शेवाळ खाते. कवडीची मादी आपल्या अंड्यांवर बसून त्यांची राखण करते. ट्रिव्हिया मात्र खडकांना चिकटून पुंजक्यांनी वाढणाऱ्या मऊ सागरी जीवांवर जगते आणि त्यांनाच भोक पाडून आत अंडी घालते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दोन ट्रिव्हिया तर इतक्या सारख्या, की पुष्कळ काळ त्या एकच समजल्या जात. एकीच्या पाठीवर तीन ठिपके, दुसरीची पाठ कोरी, एवढाच काय तो दिसणारा फरक. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतील मेरी लेबूर या विदुषीने त्यांची पिल्ले न्याहाळली आणि १९३३ मध्ये या जाती दोन आहेत हे दाखवून दिले.

कवच हे मेल्यावर मागे उरणारे घर. नाते ठरले ते आतला जीव कसा जगतो, काय खातो, आपल्या पिल्लांना कोठे ठेवतो यावरून. आपण माणसांची ओळख मात्र अजूनही आडनाव आणि पेहराव पाहूनच उरकतो. एका चिमुकल्या गोगलगाईला जाणून घेण्यासाठी विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वेचल्या. शेजाऱ्याला जाणून घ्यायला आपण एवढा तरी अवधी द्यायला नको का?