नागझिऱ्याचा नाग आणि कायद्याची वाट

महाराष्ट्रातील अभयारण्यांची नावे घेताना आपल्या डोळ्यांसमोर वाघ, गवा, अस्वल येतात. देव सहसा येत नाही. गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या नावात मात्र पहिला मान नागाचा आहे आणि दुसरा पाण्याचा. जंगलाच्या मध्यभागी असलेल्या नागाच्या ठाण्यावरून ‘नाग’, आणि पोंगेझरा येथे डोंगरातून बारमाही वाहणाऱ्या पाण्यावरून ‘झिरा’, अशी या नावाची फोड सांगितली जाते. नागाजवळ महादेवही आहेच. ही फोड भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. पण आसपासची नावे तिच्या बाजूने साक्ष देतात. पिटेझरी, मंगेझरी, पोंगेझरा : ज्या फाटकांतून आणि वाटांवरून आज माणसे या जंगलात जातात, त्यांच्या नावांतही झराच आहे.

या नावांत एक जुना इतिहास साठलेला आहे, असे आम्हांस वाटते. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर पडतो, पण चैत्र-वैशाखात नाले आटतात. अशा काळात ज्या ठिकाणी पाणी टिकते, ते ठिकाण माणसाच्या दृष्टीने साधे राहत नाही. तेथे शेंदूर लागतो, दगड उभा राहतो, नवस बोलला जातो. त्याच पाण्यावर रात्री गवे आणि बिबटेही येतात. म्हणजे ज्या कारणाने ती जागा तीर्थ झाली, त्याच कारणाने ती वन्यप्राण्यांचाही आसरा झाली. देऊळ आधी की अभयारण्य आधी, या वादात हे समान मूळ बहुधा विसरले जाते.

याच जिल्ह्यातील नवेगावबांधचे उदाहरण पाहावे. तेथील पाणी निसर्गाने दिलेले नाही, माणसाने अडवलेले आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला, असे मानले जाते. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना त्यांना सोबत आणले, ही परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या १९१६ सालच्या ग्रंथात नोंदवली आहे. नवेगावच्या तलावाभोवतीच्या सात टेकड्या म्हणजे ‘सात बहिणी’. त्यांच्या साहाय्याने बांध उभा राहिला, अशी श्रद्धा आहे. पुढे लोकांनी बांध घालणाऱ्या कोलूलाच ‘कोलासूर’ म्हणून देवत्व दिले आणि एका टेकडीवर त्याचे ठाणे मांडले. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे नवेगावबांध मराठी वाचकाला पाखरांचा गाव म्हणून परिचित झाला, व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकाने नागझिरा घरोघरी पोहोचला. पण तो तलाव मुळात ज्यांनी ऊस आणि धान पिकवण्यासाठी खणला, त्यांचा देवही त्याच काठावर बसलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

आता कायद्याकडे वळू. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ च्या डिसेंबरात ही दोन्ही जंगले, नवीन नागझिरा व कोका यांसह, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आली. या साऱ्यांना लागू असलेला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याचे २७ वे कलम अभयारण्यात प्रवेश कोणाला ते सांगते : कामावरील सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा आणि यांपैकी काहींवर अवलंबून असलेले. इतरांना २८ व्या कलमाखाली परवाना लागतो. तो कशासाठी मिळतो? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी कायदेशीर व्यवहार. या यादीत पूजा नाही, नवस नाही, यात्रा नाही.

परिणाम असा की, नागाच्या दर्शनाला येणारा आज कागदोपत्री पर्यटक असतो. फाटकावर त्याच्या नावाची आणि वाहनाची नोंद होते. कशासाठी आला हे कोणी विचारीत नाही, कारण उत्तर गृहीत धरलेले आहे. पावसाळ्यात जंगल पर्यटनासाठी बंद होते, आणि नागपंचमी नेमकी त्याच काळात येते. पंचांग आणि परवाना यांच्यातली ही तफावत कोणी द्वेषाने निर्माण केलेली नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात शिकारी होता, लाकूडतोड्या होता. सोवळ्याओवळ्याची फारशी पर्वा न करता झऱ्यावर नारळ फोडणारा शेजारच्या गावचा माणूस नव्हता, इतकेच.

अर्थात, दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मध्य प्रदेशात पचमढीजवळ, सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, नागद्वारीची यात्रा नागपंचमीच्या सुमारास भरते आणि तिच्यात विदर्भातील लोकांचाच भरणा मोठा असतो. एरवी बंद असलेली ती रानवाट त्या थोड्या दिवसांत माणसांनी फुलून जाते. भक्तीचे हे रूप मोठे आहे, पण एवढी गर्दी, तिचा आवाज आणि तिने मागे टाकलेले प्लास्टिक नागझिऱ्यासारख्या लहान जंगलाला सोसणार नाही. एकदा डांबरी रस्ता आला की मागोमाग दुकाने येतात, दुकानांमागून सिमेंटचे शिखर येते, आणि मग झऱ्याचा देव झऱ्यालाच जड होतो. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाबाबत २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत यात्रांसाठी ठरावीक दिवस नेमण्याचा आणि नव्या बांधकामांवर निर्बंध घालण्याचा आग्रह आहे, तो याच भीतीपोटी.

मग मार्ग कोणता? वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखालील २००८ च्या नियमांनी हक्काचा पुरावा म्हणून पवित्र वृक्ष, देवराया, तळी, दफनभूमी यांचा उल्लेख केला. ज्याच्याजवळ सातबारा नाही, त्याचा देवच त्याचा दस्तऐवज ठरू शकतो, हे आमच्या मते या नियमांचे सर्वांत मोठे योगदान. २०१३ साली ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले, आणि ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तेथे देवामुळे डोंगर वाचला. चंद्रपूरच्या ताडोबाचे नावही वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गावप्रमुखावरून पडले, असे सांगतात. त्याचे ठाणे तेथील तळ्याकाठी आहे.

या उदाहरणांवरून एक भेद करावासा वाटतो. भोवतालच्या गावांचा देव आणि दूरवरच्या यात्रेकरूंचे तीर्थ या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्याला थोडी माणसे, एक पायवाट आणि वर्षातून एकदोन दिवस पुरतात. दुसऱ्याची भूक वाढत जाते. याच जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मोठ्या गर्दीसाठी अशा जागा आहेत. गाभ्यातील लहान ठाण्यांपुरते बोलायचे, तर ज्या गावांच्या शिवारातून हे जंगल सुरू होते, आणि जी गावे गाभाक्षेत्रातून उठून बाहेर वसली, त्यांना आपल्या देवापर्यंत पायी जाण्याचा हक्क पर्यटक न होता मिळावा. आणि त्याच वेळी ठाण्यावर एकही नवी वीट चढू नये. या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात, पण तशा नाहीत. दोन्हींचा आधार एकच आहे : वैशाखातही न आटणारे पाणी.

वनखात्याने नकाशावर पाणवठा म्हणून जो ठिपका काढला आहे, त्यालाच गावकरी देव म्हणत आले आहेत. पुढचा व्यवस्थापन आराखडा लिहिताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर याव्यात, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.