बेकु, बेडा, साकु

परकी भाषा शिकायची तर पुस्तकापेक्षा ताट बरं, असं माझं जुनं मत आहे. भुकेला माणूस व्याकरणात वेळ घालवत नाही. सांगलीच्या एका उडुपी हॉटेलात मी आणि जत तालुक्यातले, घरी कानडी बोलणारे एक स्नेही दर रविवारी बसत असू. करार असा, की डोसा संपेपर्यंत मी कानडीत बोलायचं आणि कॉफीला त्यांनी मराठीत. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको, 'साकु' म्हणजे पुरे. एवढ्या तीन शब्दांवर संसार होतो, मग न्याहारी का होऊ नये? 'तुप्पा' आलं तेव्हा मात्र मी चाटच पडलो. अहो, आपलं तूप ते हेच! अण्णा, अक्का, अडकित्ता ही मंडळीही तिकडूनच आलेली. 'हालु' म्हणजे दूध. एकदा एक पुणेकर पाहुणे बरोबर होते. सांबार वाढणाऱ्या, उडुपीहून नव्याने आलेल्या पोराला ते "हळू, हळू" म्हणत राहिले आणि पुढ्यात दुधाचे दोन पेले आले. पुणेकरच ते, त्यांनी बिलाबद्दल हुज्जत घातली. पण दूध प्यायले.

सांगलीला कानडीचं हे देणं जुनंच. १८४२ मध्ये कर्नाटकातली एक भागवत मंडळी इथे खेळ करून गेली. तसं काहीतरी मराठीत करा, असं चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आलं.

आता साताऱ्याकडे वळू. तिथे १८१८ ते १८२२ ग्रँट डफ रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. पुढे तो मराठीत आणला कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने या जोडीने. एक साहेब, एक साने! शब्दाला शब्द लावत दोघं शेजारी बसले असतील, पण एका पंगतीला बसले असतील असं मला काही वाटत नाही. कारण त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या नुसत्या चहाने केवढा गहजब झाला! टिळक-रानड्यांनासुद्धा प्रायश्चित्त चुकलं नाही. इंग्रजीची क्रियापदं तोंडात चालत होती, इंग्रजांच्या घरचं बिस्कीट चालत नव्हतं. भाषेला विटाळ नव्हता, कपबशीला होता.

आणि हा प्रश्न काही साहेबापुरता नव्हता. शेजारच्या आळीतल्या मराठी माणसाबरोबरही आपण जेवत नव्हतो. त्याची बोली कानावर पडायची ती अंगणातून.

साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका स्वयंपाकावर जेवू लागली. कोणी 'कालवण' म्हणत असेल, कोणी 'कोरड्यास', कोणी 'आमटी'. पातेलं एकच असल्यामुळे, हे तिन्ही शब्द सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात पाठ झाले असणार.