देवमासा मासा नाही, खवले मांजर मांजर नाही: मग प्राण्यांचे गट ठरतात कसे?

पावसाळा सुरू झाला की कोकणात आणि घाटमाथ्यावर एक काळपट, चकचकीत, बिनपायांचा जीव अंगणात वळवळताना दिसतो. ‘साप, साप’ असा ओरडा होतो आणि काठी पडते. अनेकदा हा बिचारा देवगांडूळ असतो. तो साप नाही, आणि नावात असूनही गांडूळही नाही. तो बेडकाचा नातलग, म्हणजे उभयचर आहे. त्याला पाठीचा कणा, जबडा आणि दात असतात. गांडुळाला यातले काहीच नसते. सापाची त्वचा कोरडी आणि खवल्यांची, तर देवगांडुळाची ओलसर, बुळबुळीत आणि वळ्यांची असते. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. उलट तो जमिनीतले किडे आणि गांडुळे खातो.

दिसण्यावरून गट ठरवला की अशी फसगत होते. म्हणूनच शास्त्रज्ञ शरीराची आतली रचना, श्वासोच्छ्वास, पिल्लांचा जन्म आणि वाढ, आणि आता डीएनए यांवरून नाते ठरवतात.

पहिला प्रश्न: कणा आहे का?

आजवर नोंद झालेल्या प्राण्यांच्या जाती साधारण १५ लाख आहेत. त्यांत कणा असलेल्या, म्हणजे पृष्ठवंशीय प्राण्यांचा वाटा पाच टक्केसुद्धा भरत नाही. मासे, बेडूक, साप, पक्षी, वाघ आणि माणूस हे सगळे त्या छोट्याशा वाट्यात येतात. बाकी जग बिनकण्याच्या प्राण्यांचे आहे.

त्यातही राज्य संधिपादांचे. पायांना सांधे आणि अंगावर कठीण बाह्यकवच ही त्यांची ओळख. कवच वाढत नाही, म्हणून वाढताना ते टाकून नवे धारण करावे लागते. कात टाकणे हे फक्त सापाचे काम नाही, झुरळही तेच करते. कीटकांच्या एकट्याच्या सुमारे १० लाख जाती माहीत आहेत. कीटकाला पाय सहा आणि शरीराचे भाग तीन: डोके, वक्ष, उदर. कोळ्याला पाय आठ आणि भाग दोनच, त्यामुळे कोळी कीटक नाही. विंचू कोळ्याच्या घरातला. खेकडा आणि कोळंबीही संधिपादच. मासळी बाजारात पापलेटशेजारी त्यांचा वाटा लागतो, पण नात्याने कोळंबी पापलेटपेक्षा झुरळाला जवळची आहे. (जेवताना हे आठवू नये.)

त्याच बाजारातल्या तिसऱ्या आणि माकुल मात्र मृदुकाय गटातल्या. मऊ अंगाच्या या गटात अंगणातली गोगलगाय आहे आणि तीन हृदये असलेला ऑक्टोपसही. जेलीफिश आणि प्रवाळ एका कुळातले. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती असंख्य लहान प्राण्यांची वसाहत असते. तारामासा आणि समुद्रकाकडी कंटकचर्मी गटातले. गर्भाची वाढ कशी होते हे पाहिले, तर हा गट कीटकांपेक्षा आपल्याला जवळचा निघतो.

कणा असलेल्यांची पाच घरे

मासे सर्वांत जास्त, ३५ हजारांच्या आसपास जाती. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असतो, बांगडा-सुरमईचा हाडांचा. उभयचर बहुधा पाण्यात वाढतात आणि मोठेपणी जमिनीवर येतात. त्यांची त्वचा श्वासोच्छ्वासात भाग घेते, त्यामुळे पाणी दूषित झाले की फटका त्यांना लवकर बसतो. सरीसृपांनी खवले आणि जमिनीवर टिकणारी अंडी मिळवून पाण्याशी असलेले हे बंधन तोडले. पक्ष्यांना पिसे असतात. विशेष म्हणजे मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जास्त जवळची आहे.

सस्तन प्राण्यांची खूण म्हणजे पिल्लांना दूध पाजणे आणि अंगावर केस. अंडी की पिल्ले, ही खूण फसवी आहे: प्लॅटिपस सस्तन असून अंडी घालतो, आणि घोणस साप असून पिल्लांना जन्म देते. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली. चार पायांवर धावणाऱ्या पूर्वजांच्या कण्याची ही आठवण. कार्ल लिनियसनेही १७३५ मध्ये देवमाशाला माशांत बसवले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्याने त्याला सस्तनांत आणले. उलट व्हेल शार्क हा खरोखरचा मासा, तोही जगातला सर्वांत मोठा.

खवले मांजराला अंगभर खवले असतात, पण ते आपल्या नखांसारख्याच केराटिनचे. तो मुंग्या आणि वाळवी खाणारा सस्तन प्राणी आहे. त्याला दात नसतात. या खवल्यांना औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी त्याची तस्करी होते.

गट चुकला तर काय बिघडते?

वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी. सस्तनांच्या जवळपास पाचपैकी एक जात वटवाघळांची आहे. फळे खाणारी वटवाघळे परागीभवन करतात, बिया दूरवर नेतात. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांची नोंद उंदीर-घुशींसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

माशांच्या बाबतीतही संरक्षण उशिरा आले. वाघ-सिंहांना मिळणारे सर्वोच्च संरक्षण व्हेल शार्कला २००१ मध्ये मिळाले. त्याच वर्षी समुद्रकाकडीही त्या यादीत आली. तिला ना डोळे, ना चेहरा, आणि अनेकांना ती प्राणी आहे हेच माहीत नसते. आज ती भारतात पकडणे किंवा विकणे गुन्हा आहे.