बेस गिटार: अल्पखर्ची वाद्याची निवड व सुधारणा

विद्युत बेस गिटार हे खर्जातील स्वर देणारे, सामान्यतः चार तारांचे तंतुवाद्य आहे. तारा ई, ए, डी, जी अशा स्वरांत लावतात. सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ४१ हर्ट्झ असते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसमुळे हे वाद्य रूढ झाले. त्याचा आणि १९६० च्या जॅझ बेसचा आराखडा आजही बहुतेक स्वस्त वाद्यांत दिसतो. मान धडाला स्क्रूने जोडलेली असल्याने आणि अनेक भागांची मापे मिळतीजुळती असल्याने स्वस्त वाद्य टप्प्याटप्प्याने सुधारता येते.

निवड

अल्पखर्ची बेसमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मान. पिकअप, खुंट्या किंवा घोडी नंतर बदलता येतात. पिळलेली मान मात्र क्वचितच सरळ होते आणि नवी मान बसवण्याचा खर्च अनेकदा मूळ वाद्याच्या किमतीजवळ जातो. म्हणून जुने वाद्य घेताना मानेकडे टोकापासून पाहणे, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहणे आणि ट्रस रॉड फिरतो का हे तपासणे आवश्यक ठरते. रंग व चकाकी यांवरून काहीच कळत नाही.

तारेची प्रचलित लांबी ३४ इंच, तर लहान बेसची ३० इंच असते. तार व स्वर तेच ठेवल्यास लहान बेसवरील ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरतो. लहान हातांच्या विद्यार्थ्यांना ते सोयीचे असले तरी जाड तारेचा आवाज काहीसा सैल वाटतो.

नाशिकमधील हवामानाचा परिणाम

नाशिकमध्ये मार्च ते मे हे महिने कोरडे व उष्ण असतात, तर जून ते सप्टेंबर या काळात हवेत भरपूर ओलावा असतो. लाकूड ओलावा शोषून फुगते व कोरडे होताना आक्रसते. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आक्रसल्यास फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात मानेचा बाक बदलून तारा फ्रेटवर खडखडतात किंवा फार उंच जातात. असे वाद्य अनेकदा ‘बिघडले’ म्हणून विकायला निघते; प्रत्यक्षात त्याला केवळ जुळणी हवी असते. पहिला व शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली सुमारे ०.३ मिलिमीटर फट राहावी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. अतिरेकाने तो तुटू शकतो.

सुधारणा

प्रथम नव्या तारा व जुळणी, इतकाच खर्च करणे शहाणपणाचे असते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा लागल्यास घोडीवरील त्या तारेचा आधार मागे सरकवतात. गुणगुण ऐकू येत असल्यास आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती भूसंपर्काला जोडतात. सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण याने कमी होते, पूर्णपणे जात नाही. पिकअप बदलणे सर्वांत शेवटी येते. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. वाद्य विकताना सुधारणांवरील खर्च सहसा वसूल होत नाही, त्यामुळे मूळ भाग परत बसवून नवे भाग पुढच्या वाद्यासाठी राखता येतात.

साध्या गिटारच्या लहान ॲम्पवर बेस मोठ्या आवाजात वाजवल्यास स्पीकर फाटू शकतो. घरच्या सरावाला हेडफोन ॲम्प पुरतो.