फोकस जुळवण्याची कुळकथा

बॉडी एका कंपनीची आणि लेन्स दुसरीची असली की फोकस चुकतो, ही छायाचित्रकारांची जुनी तक्रार. पण तिचे एक जुने उदाहरण एकाच कंपनीच्या घरातले आहे. १९३० साली वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने लेन्स बदलता येणारा लायका कॅमेरा काढला. लेन्स आट्यांनी बसे. पण तिच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक बॉडीत किंचित निराळे होते. म्हणून लेन्स ठरावीक बॉडीशीच जुळवून दिली जाई आणि त्या बॉडीच्या क्रमांकातले शेवटचे तीन आकडे तिच्यावर कोरलेले असत. दुसऱ्याची लेन्स कॅमेऱ्यावर चढे, फोकसची मात्र खात्री नसे. १९३१ मध्ये हे अंतर २८.८ मिलिमीटर असे पक्के झाले आणि तशा बॉडीच्या बैठकीवर ‘०’ ही खूण आली.

निकॉनने युद्धानंतरच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी झाइसच्या कॉन्टॅक्ससारखीच बैठक घेतली, पण फोकसच्या फिरकीचे माप थोडे वेगळे ठेवले. वाइड लेन्सला हा फरक जाणवत नसे, टेलिफोटोला जाणवे. कॉन्टॅक्सवाल्यांसाठी निकॉन लेन्सची निराळी आवृत्ती करी. तिच्यावर ‘सी’ असे.

मिनोल्टा ७००० ने १९८५ मध्ये ऑटोफोकस एसएलआरमध्ये रुळवला. त्याची मोटर बॉडीत होती. १९८७ च्या कॅनन ईओएसने ती लेन्समध्ये नेली आणि बॉडी-लेन्सचा सारा व्यवहार विजेच्या संकेतांवर सोपवला. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना यांनी ही भाषा बाहेरून अभ्यासून उलगडली. त्यामुळे नवी बॉडी एखादा नवा शब्द बोलली की जुनी लेन्स गोंधळे. नव्या ईओएसवर जुन्या सिग्मा लेन्सने ‘एरर ९९’ दाखवणे हे त्याचेच उदाहरण. काही लेन्सची चिप सिग्माने बदलून दिली. बाकीच्या तशाच राहिल्या.

दुसरा दोष भाषेचा नाही, मापाचा. एसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली तळाशी असतो आणि चित्र पडते मागच्या सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत थोडाही फरक पडला, किंवा लेन्सने सांगितलेल्या दुरुस्तीत बारीक चूक असली, की फोकस विषयाच्या पुढे किंवा मागे पडतो: फ्रंट फोकस, बॅक फोकस. फिल्मच्या काळात छोट्या प्रिंटवर हे खपून जाई. डिजिटलमध्ये पापणीचा केसही मोठा करून पाहता येऊ लागला आणि तक्रारी वाढल्या. एकच लेन्स एका बॉडीवर अचूक आणि दुसरीवर चुकीची ठरू शकते, त्यामुळे दोष सरसकट परक्या लेन्सच्या माथी मारणे रास्त नाही.

२००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ ने आणि निकॉनच्या डी३, डी३०० ने वापरणाऱ्याच्या हाती उणे २० ते अधिक २० अशी दुरुस्ती दिली. ती करण्याआधी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, एकाच विषयाचे काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि काही लाइव्ह व्ह्यूमध्ये घ्यावेत. लाइव्ह व्ह्यूत चित्र शार्प आणि व्ह्यूफाइंडरने घेतलेले दरवेळी एकाच दिशेला चुकलेले असेल, तर आकडा बदलून काम भागते. दोन्हींत धूसर असेल तर आधी लेन्सच्या काचांवर शंका घ्यावी. चूक कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर कोणताही आकडा उपयोगाचा नाही.

झूम लेन्सला आणि जवळ-दूरच्या वेगवेगळ्या अंतरांना एक आकडा पुरत नाही. सिग्माच्या यूएसबी डॉकने हीच अडचण हेरली. त्यावर लेन्स बसवून संगणकाला जोडली की चार अंतरांसाठी निरनिराळी दुरुस्ती खुद्द लेन्समध्येच साठवता येते. झूमला चार फोकल लेंग्थ धरून १६ आकडे. टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल त्यानंतरचा.

मिररलेस कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सरच फोकस मोजतो. दोन वाटाच उरल्या नाहीत, त्यामुळे मापाचा झगडा जवळपास मिटला. भाषेचा शिल्लक आहे: बॉडीचे फर्मवेअर बदलल्यावर परकी लेन्स अडखळू लागली, तर आधी त्या लेन्सचे नवे फर्मवेअर आले आहे का, ते पाहावे.