लोखंडी पेटीचं बिऱ्हाड

परतवाड्याला जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. हैदराबाद कंटिन्जंटची इथली छावणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उठली आणि लष्करी वस्तीचं मुलकी गाव झालं. फौज गेली, जागा राहिली, तिथे कचेऱ्या आणि संसार आले. जुन्या वास्तूचा पुनर्वापर आपण असाच पाहत आलो: वास्तू जागेवर, माणसं बदलती. जहाजी कंटेनरच्या इमारतींनी हा क्रम उलटवला. तिथे वास्तूच उचलून नेता येते.

ही पेटी जन्मली ती हमालीला कंटाळून. ती हमाली वऱ्हाडाला चांगली ठाऊक होती. १९१३ साली अचलपूर–मूर्तिजापूर अरुंद रूळमार्ग सुरू झाला. त्यावरून गेलेली कापसाची गाठ मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत पुन्हा चढवावी लागे, मुंबईच्या गोदीत आणखी एकदा. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल-एक्स' जहाजातून ५८ बंद पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे धाडल्या. माल न हलवता पेटीच हलवायची, हा त्यातला शोध.

आयात जास्त आणि निर्यात कमी, अशा बंदरांत रिकाम्या पेट्या साचू लागल्या. १९८७ साली फिलिप क्लार्कने त्यांची राहण्याजोगी इमारत करण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेत पेटंट मागितलं. ते १९८९ मध्ये मिळालं. लंडनच्या 'कंटेनर सिटी'त २००१ पासून कलावंतांचे गाळे झाले. २०२२ च्या विश्वचषकासाठी कतारने ९७४ कंटेनर वापरून सुटं करता येणारं मैदान उभारलं.

मला मात्र या साऱ्यांहून ठाण्याचं उदाहरण मोलाचं वाटतं. २०१६ साली तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 'समर्थ भारत व्यासपीठ' आणि ठाणे महापालिका यांनी सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी 'सिग्नल शाळा' काढली. वर्ग भरले कंटेनरमध्ये. पुलाखाली पाया खोदून शाळा बांधणं अवघड. पेटी नुसती आणून ठेवता येते. मुलांना शाळेपर्यंत नेण्याऐवजी शाळाच मुलांपाशी आली.

पेटीचे गुणदोष मात्र नीट पाहायला हवेत. वीस फुटी पेटीची रुंदी जेमतेम आठ फूट. तिचा भार चार कोपऱ्यांतले खांब पेलतात, पण बाजूचा पन्हळी पत्राही तिला ताठ ठेवतो. दारं-खिडक्यांसाठी तो फार कापला तर लोखंडी चौकटीचा आधार द्यावाच लागतो. जमिनीच्या लाकडी फळ्यांना बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं. फवारणीचं विष काय करतं, हे वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या पत्र्याची भट्टी होते. वर दुसरं छप्पर, मध्ये वाऱ्याला वाट आणि भिंतींना उष्णतारोधक थर, हा खर्च धरला की 'स्वस्त घर' तितकं स्वस्त उरत नाही.

म्हणून पेटीचं कौतुक करताना मी एकच कसोटी लावतो: ती हलवायचा अधिकार कोणाकडे? मैदान हलतं ते मालकाच्या सोयीने. पुलाखालचा वर्ग हलला तर त्या मुलांची शाळा सुटू शकते. छावणी उठल्यावर परतवाडा उरला, कारण पायाखालची जमीन उरली. पेटीला पाया लागत नाही. तिच्यात शिकणाऱ्या मुलांना मात्र लागतो.