अभियांत्रिकी शिक्षणातील ‘प्रणाली-विचार’

ठिबक सिंचनामुळे पिकाला द्यावे लागणारे पाणी कमी होते, हे पाठ्यपुस्तकातील उत्तर बरोबरच आहे. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहिला, तर विहिरीची पातळी पूर्वीसारखीच खालावते. शिवाय शेतातून झिरपून भूजलात परतणारे पाणीही घटते. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढू शकतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाच्या संदर्भात १८६५ मध्येच मांडले होते. यंत्र निर्दोष असूनही परिणाम उलटा का होतो, याचा शोध घेण्याची पद्धत म्हणजे प्रणाली-विचार होय.

या पद्धतीची एक महत्त्वाची शाखा अभियंत्यानेच घडविली. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर काम करणारे विद्युत अभियंते जे फॉरेस्टर १९५६ मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या व्यवस्थापन विभागात गेले आणि तेथे त्यांनी ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ ही शाखा उभी केली. ‘क्लब ऑफ रोम’साठी तयार झालेला ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा १९७२ चा गाजलेला ग्रंथ याच पद्धतीवर आधारलेला आहे. त्याच्या सहलेखिका डोनेला मेडोज यांनी पुढे डार्टमथ महाविद्यालयात अनेक वर्षे हा विषय शिकविला. दुसरे सहलेखक डेनिस मेडोज यांनी मासेमारीचा एक खेळ वर्गासाठी रचला. त्यात प्रत्येक गट नफ्यासाठी बोटी वाढवीत जातो. समुद्रातील मासे संपत आल्याचे लक्षात येते, ते बहुधा बोटी घेऊन झाल्यावर!

साठा, आवक, जावक आणि परिणामाचे कारणावर उलटणे, एवढ्याच संकल्पनांवर हा विषय उभा आहे. त्या सोप्या वाटतात, पण तशा नाहीत. ‘एमआयटी’चे प्राध्यापक जॉन स्टरमन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वातावरणातील कार्बन डायऑक्साइडविषयी प्रश्न विचारले. उत्सर्जन वाढायचे थांबले की वायूचे प्रमाणही स्थिरावेल, अशा धर्तीची उत्तरे बहुसंख्यांनी दिली. वास्तविक टाकीत पडणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक असेल, तोवर पातळी चढतच राहणार. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील अनेक विद्यार्थी विज्ञान, अभियांत्रिकी वा गणिताची पार्श्वभूमी असलेले होते. गणिताच्या तयारीने ही चूक टळत नाही, हे त्यातील खरे धक्कादायक.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमातही पर्यावरण विज्ञान अनिवार्य होते, पण त्याला श्रेयांक नव्हते. असा विषय विद्यार्थी कितपत मनावर घेणार, हे सांगायला नको. शिवाय तो वेगळ्या तासाला शिकविला गेला, की पंप किंवा धरणाच्या आराखड्याशी त्याचा संबंध उरत नाही.

वेगळी वाट पवईच्या ‘आयआयटी’तील ‘सितारा’ या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राची आहे. तेथील विद्यार्थ्यांनी कर्जत परिसरातील पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. अशा कामात नळाचा व्यास काढणे तुलनेने सोपे असते. वीजबिल कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, उन्हाळ्यात उद्‌भव कोरडा पडला तर काय, हे प्रश्नही आराखड्यातच सोडवावे लागतात. अडचण येते ती मूल्यमापनाची: तीन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून तपासावा असा अहवाल तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत मावत नाही.